ऐकू येतं, पण कळत नाही

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचे कान जायला लागले, की घरातून सगळ्यात आधी जातं ते बिनकामाचं बोलणं. कामाचं बोलणं कसंबसं टिकतं. गोळी घेतली का, गॅसवाला येऊन गेला का, बँकेत हयातीचा दाखला कधी द्यायचाय, हे कुणीतरी जवळ जाऊन, दोनदा ओरडून, नाहीतर हाताने खूण करून सांगतंच. पण “कढीपत्त्याला काय सुरेख पालवी फुटलीय बघा” हे कोण ओरडून सांगणार? एकदा सांगितलं, “काय?” आलं. पुन्हा सांगितलं, पुन्हा “काय?” आलं. तिसऱ्या वेळेला माणूस म्हणतो, “काही नाही, जाऊ दे.” समोरच्याला एवढं एक वाक्य मात्र नेमकं कळतं, कारण ते कानाने ऐकावं लागत नाही. चेहऱ्यावरच असतं.

नवरा-बायकोचं, आई-लेकराचं, भावाभावांचं नातं या बिनकामाच्या बोलण्यावर उभं असतं, असं माझं ठाम मत आहे. मोठे निर्णय आणि मोठी संकटं आयुष्यात मोजकीच येतात. बाकी सगळा काळ आपण एकमेकांना पालवी, शेजारचं मांजर, भाजीवालीने आज लावलेला भाव, असलंच काहीबाही सांगत असतो. नात्यात संवाद हवा असं सगळेच म्हणतात, आणि मग मनं मोकळी करायचे, गैरसमज दूर करायचे उपाय सांगतात. ते चांगलेच आहेत. पण कितीतरी घरांत बोलणं तुटतं ते मनात अढी असते म्हणून नव्हे. शब्द कानापर्यंत पोचत नाहीत, किंवा पोचूनही कळत नाहीत, म्हणून तुटतं. अढी नंतर बसते. याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं, आणि यातलं बरंचसं दुरुस्त होण्यासारखं असतं, म्हणून आमच्या घरातलं सांगते.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, इचलकरंजीचे. सगळी हयात यंत्रमागावर गेली. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी गावात यंत्रमाग सुरू केला आणि पुढे गल्लोगल्ली शेडी उभ्या राहिल्या. आमच्या लहानपणी गावात कुठेही उभं राहिलं तरी मागांचा खडखडाट ऐकू यायचा, वीज गेली की एकदम सगळं थांबायचं आणि बायका म्हणायच्या, “लाइट गेली वाटतं.” घरात दिवा नसला तरी चालायचं, वीज गेलेली कानालाच कळायची. साध्या मागावर मिनिटाला सव्वाशे-दीडशे वेळा धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारं लाकूड, इकडून तिकडे फेकला जातो आणि प्रत्येक फेकीला लाकडावर दणका बसतो. असे वीस-पंचवीस माग एका पत्र्याच्या शेडीत. आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी नव्वद डेसिबल ही मर्यादा आहे, आणि डेसिबलचं माप असं की तीन वाढले तरी आवाजाची ताकद दुप्पट होते. मागावरची पाळी बारा तासांची. कानात घालायला कुणी काही दिलं नाही, मागितलंही नाही. काहीजण सुताचा बोळा घालायचे, पण मग माग बिघडलेला कळायचा नाही. तार तुटली, धोटा अडकला, हे मागवाला आवाजातल्या फरकावरूनच ओळखतो. म्हणजे त्याच कानांवर रोजी, आणि रोजीपायी तेच कान जाणार.

आई त्याच शेडीच्या कोपऱ्यात कांडीवाली होती, धोट्यात बसणाऱ्या कांड्यांवर सूत भरायची. कांडी मशिन धोट्याइतकं कडकडत नाही, आणि आम्ही झाल्यावर तिने काम सोडलं, म्हणून तिचे कान वाचले.

अण्णांनी काम थांबवलं तेव्हा ते बहिरे नव्हते. हे नीट समजून घ्यायला हवं, कारण घराघरांतला गोंधळ इथेच होतो. आपल्याला वाटतं, बहिरेपण म्हणजे रेडिओचा आवाज बारीक करत नेल्यासारखं काहीतरी असेल. तसं नसतं. कानाच्या आत शंखाकृती नळीत केसासारख्या टोकांच्या पेशी असतात, एका कानात साधारण पंधरा हजार. मेल्या तर पुन्हा उगवत नाहीत. आवाजाने आणि वयाने आधी मरतात त्या बारीक, उंच स्वर टिपणाऱ्या. कारखान्यात काम केलेल्यांच्या ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावर, चार हजार हर्ट्झपाशी रेघ खड्ड्यात गेलेली दिसते. अण्णांचीही तशीच होती. जाड स्वर टिपणाऱ्या पेशी शाबूत राहतात. आपल्या बोलण्यात आ, ओ, ऊ हे स्वर जाड आणि दणदणीत. स, श, फ, थ, ट ही व्यंजनं बारीक आणि हलकी. स्वरांनी आवाज पोचतो, व्यंजनांनी अर्थ पोचतो. म्हणून माणूस मनापासून सांगतो, “ऐकू येतंय की मला.” खरंच येत असतं. रिक्षा येते, मिक्सर येतो, कुणीतरी काहीतरी बोललं हेही येतं. फक्त काय बोललं ते कळत नाही. मग घरचे म्हणतात, लक्ष देत नाहीत. नाहीतर त्याहून जिव्हारी लागणारं: “ह्यांना पाहिजे तेवढंच ऐकू येतं.”

आई वर्षानुवर्षं हेच म्हणायची. तिचं दुःख खरं होतं. “कट्ट्यावर मित्रांचं सगळं ऐकू येतं, माझंच तेवढं येत नाही.” हे वाक्य मी किती बायकांच्या तोंडून ऐकलंय! त्याचं कारण साधं आहे आणि ते कळलं असतं तर कितीतरी संसारांतला कडवटपणा टळला असता. मित्राचा आवाज जाड, तो समोर बसलेला, उजेडात, दोन हातांवर, आणि विषयही ठरलेला. बायकोचा आवाज बारीक, ती बोलते स्वयंपाकघरातून, ओट्याकडे तोंड करून, नळ सुरू असताना, आणि वाक्य मधूनच सुरू होतं: “आणि ते परवाचं राहिलंच की!” कुठलं परवाचं? अशा वेळी शाबूत कानाचा माणूससुद्धा चाचपडतो. त्यात नवऱ्याला बायकोची किंमत नाही वगैरे काही नसतं. जागा चुकलेली असते.

दुसरी कुरबूर तर प्रत्येक घरात होते. “जरा मोठ्याने बोल.” मोठ्याने बोललं की, “ओरडतेस कशाला?” हा तऱ्हेवाईकपणा वाटतो, पण हाही कानाचाच दोष आहे. पेशी गेल्या की ऐकू येऊ लागण्याची पातळी वर सरकते, आवाज सोसण्याची पातळी मात्र होती तिथेच राहते. मधली पट्टी अरुंद होते. थोडा कमी झाला तर ऐकू येत नाही, थोडा वाढला तर कानठळ्या बसतात. शिवाय ओरडताना आपण स्वरच ओढतो, “औऽऽषध”, आणि व्यंजनं आणखी बुजतात. वर चेहरा रागावलेला दिसतो. दिवसातून वीस वेळा रागावलेला चेहरा बघायचा, आणि रागवण्यासारखं आपण काय केलं हे ठाऊक नसायचं.

मराठीच्या आपल्या काही अडचणी आहेत, त्या मी घरातच टिपल्या. आपलं “नाही” वाक्याच्या शेवटी येतं, आणि शेवटाला आवाज खाली उतरतो. “उद्या दवाखान्यात जायचं नाही” यातलं “जायचं”पर्यंत ऐकू येतं, “नाही” विरून जातं. सकाळी अण्णा शर्ट-पँट घालून, पिशवी घेऊन तयार. तसंच आकड्यांचं. सत्तावीस की सदतीस, एकोणसाठ की एकोणसत्तर, आठ की साठ. लाइटबिलाचा आकडा चुकीचा ऐकून अण्णांनी एकदा भलतेच पैसे काढून ठेवले होते. तोडगा सोपा निघाला: “दोन-सात, सत्तावीस.” आणि नकार आधी: “नाही जायचं उद्या. डॉक्टर गावाला गेलेत.” एवढ्याने अर्धे घोळ संपले.

पण हे उमगेपर्यंत अण्णा गप्प होत गेले. एकाएकी नव्हे. आधी लग्नकार्यातल्या पंगतीत गप्प, मग घरातच चार माणसं जमली की गप्प, मग कट्ट्यावर जाणं कमी. विचारलं तर म्हणायचे, “पाय दुखतात.” मान डोलवायची सवय लागली. समोरचा हसला की हसायचं, गंभीर झाला की “व्हय, व्हय” म्हणायचं. नातवाने शाळेतली गोष्ट सांगितली, त्यांनी हसून मान हलवली, आणि नातू म्हणाला, “आजोबा, मी विचारलं की तुमच्या लहानपणी असं होतं का!” पोरगं थोडा वेळ थांबलं आणि खेळायला गेलं. अण्णांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मला अजून दिसतं. लाज होती ती. ऐकू न येण्याची लाज वाटावी असं त्यात काय आहे? पण वाटते. चष्म्याची कुणाला वाटत नाही, कानाची वाटते.

आणि दुसऱ्या बाजूला आई. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली आरोग्य आणि कार्यक्षमतेचं जे वर्गीकरण केलं, त्यात एका गोष्टीची दखल आहे: एकाच्या व्याधीमुळे त्याच्या जवळच्या धडधाकट माणसाचं जगणंही अडतं. आईचं तसंच झालं होतं. टीव्ही इतका मोठा की तिला डोकं धरून बसावं लागे. फोन तिनेच घ्यायचे, पाहुण्यांशी तिनेच बोलायचं, दोघांच्या वतीने “बरे आहेत” सांगायचं. बोलून बोलून घसा दुखायचा, आणि तरीही दिवसभरात कुणाशी बोलणं झालंय असं वाटायचं नाही. साठीपुढच्या माणसांत चारांतल्या एकाहून अधिक जणांचं ऐकणं रोजच्या व्यवहारात अडचण होण्याइतकं कमी झालेलं असतं. म्हणजे अशा आयाही तितक्याच असणार. त्यांची मोजदाद कुठे होत नाही.

तपासणीला नेण्यासाठी अण्णांना बाबापुता करावं लागलं. शेवटी ते तयार झाले ते नातवासाठी. ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारी, तरुण मुलगी होती, पण तिने पहिल्या पाच मिनिटांत जे केलं त्याबद्दल मी तिची कायम ऋणी राहीन. बंद खोलीत हेडफोन लावून शिट्टीसारखे आवाज ऐकवणं, बटण दाबायला लावणं, हे सगळं नंतर. आधी तिने विचारलं, “घरी यांच्याशी सगळ्यात जास्त कोण बोलतं?” अण्णांनी आईकडे बोट केलं. “मग आजी, तुम्ही बाहेर नका बसू. आत या.” तपासणी अण्णांच्या कानांची, पण शिकवणी दोघांची झाली.

तिने ओठांसमोर कागद धरला आणि साधे शब्द म्हटले. अण्णांना निम्मेही कळले नाहीत. कागद काढून तेवढ्याच आवाजात पुन्हा तसेच शब्द म्हटले, तर बहुतेक सगळे बरोबर. आई बघतच राहिली. आवाज तोच, कान तेच, फरक फक्त ओठ दिसण्याचा. मग त्या मुलीने मर्यादाही सांगितली. बाळ, माळ, पाळ हे ओठांवर एकसारखेच दिसतात, कारण ब, म, प तिन्हींना ओठ मिटतात. क, ग, ह घशाकडून येतात, ते तर दिसतच नाहीत. म्हणजे ओठांवरून थोडं कळतं, कानांतून थोडं, उरलेलं संदर्भावरून जुळवायचं. “तुम्ही गप्पा मारता तेव्हा हे एकीकडे कोडं सोडवत असतात,” ती आईला म्हणाली. “म्हणून संध्याकाळी दमतात, चिडचिडतात.” मग तिने आईला करायला सांगितलं ते असं: आधी हाक मारायची, ते बघेपर्यंत थांबायचं. विषय आधी सांगायचा, “पोरीच्या लग्नाचं बोलतेय.” उजेड आपल्या तोंडावर पडेल असं बसायचं, खिडकीला पाठ करून नाही. ओरडायचं नाही, जरा सावकाश बोलायचं. आणि एकदा सांगून कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा म्हणायचं नाही, शब्द बदलून सांगायचं. “पिशवी कुठंय?” कळलं नाही तर “भाजी आणायची थैली दिसली का?” जे व्यंजन एकदा निसटलं ते दहादा म्हटलं तरी निसटणारच.

कानाचं मशीन घेतलं. त्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण मशीन घेतलं की झालं असं मानून पुष्कळ घरं तिथेच थांबतात, आणि मशीन जातं कपाटात. किंमत काही हजारांपासून लाखाच्या पुढेपर्यंत कितीही असते. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठी आहे. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टीपुढच्यांना, कुटुंबाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर, अशा साधनांसाठी तीन हजार रुपये मिळतात. तेवढ्यात चांगलं मशीन येत नाही, पण हातभार लागतो. मुंबईत वांद्र्याला अलीयावर जंग संस्था १९८३ पासून याच कामासाठी आहे, लांबून लोक तिथे जातात. किमतीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे ते कानाला जुळवून घेणं, आणि त्यासाठी पुन्हा पुन्हा जाणं. सुरुवातीला अण्णांना कागदाची सळसळ, सांडशीचा खणखणाट, स्वतःचंच चावणं, सगळं नकोसं झालं. मेंदूने कित्येक वर्षांत हे आवाज ऐकलेले नसतात, त्यांतलं कुठलं बाजूला ठेवायचं हे त्याला पुन्हा शिकावं लागतं. आधी घरात, शांत वेळी, एकाच माणसाशी बोलायचं, मग हळूहळू वेळ वाढवायची. आणि चांगलं मशीनसुद्धा उपयोगी पडतं ते दोन-चार हातांच्या अंतरात. आईने न्हाणीघरातून हाक मारली तर लाखाचं मशीनही काही करू शकत नाही.

ऐकणं आणि विस्मरण यांचा संबंध हल्ली खूप चर्चेत आहे, म्हणून एक सांगते. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणं दिली, त्यांत श्रवणदोष वरच्या क्रमांकाला आहे. पण मशीन लावलं की विसरभोळेपणा टळला, असं सरसकट झालेलं नाही. अमेरिकेत २०२३ साली ९७७ ज्येष्ठांच्या तीन वर्षांच्या चाचणीचा निकाल आला. सगळ्यांचा मिळून फरक पडला नव्हता. ज्यांना आधीपासून धोका जास्त होता त्यांची घसरण मात्र जवळजवळ निम्म्याने मंदावली होती. घाबरवून मशीन लावू नये असं मला वाटतं. नातवाची गोष्ट कळावी, हे कारण पुरेसं आहे.

घर बदललं ते आईमुळे. तिने अण्णांची खुर्ची हलवली. आधी ती टीव्हीसमोर होती, पाठीमागे स्वयंपाकघर. आता ती स्वयंपाकघराच्या दारात, अशी की ओट्यापाशी उभी असलेली आई वळली की दोघांची तोंडं समोरासमोर. जेवताना टीव्ही बंद, पंखा एकावर. कुकर होऊन जातो मगच ताटं घेतात, शिट्टीच्या मधे बोलायचं नाही. मशीनच्या सेलवर एक बारीक केशरी स्टिकर असतं. ते काढून सेलला मिनिटभर हवा लागू द्यायची आणि मग बसवायचा. आई ते स्टिकर भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत चिकटवते. पुढचा सेल कधी संपणार याचा तिला अंदाज असतो, आणि दोन दिवस आधीच नवा सेल अण्णांच्या खिशात पोचतो. पावसाळ्यात रात्री मशीन ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या डबीत जातं. या सगळ्याबद्दल तिने अण्णांना कधी एक अक्षर ऐकवलेलं मला आठवत नाही.

हे न ऐकवणं फार मोलाचं आहे. न्यूयॉर्कमध्ये वकिलीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांचा आणि त्यांच्या जोडीदारांचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला होता. दोघांनीही रोज लिहून ठेवायचं होतं, मी आधार दिला का, मला आधार मिळाला का. ज्या दिवशी जोडीदाराने आधार दिला पण परीक्षा देणाऱ्याच्या ते लक्षातही आलं नाही, अशा वेळी त्याला सगळ्यात बरं वाटत होतं. मिळतोय हे जाणवणारा आधार उलट मन खट्टू करून जायचा, आपण कमी पडतोय असं वाटायचं. आईने हे वाचलेलं नाही. खुर्ची हलवताना ती एवढंच म्हणाली, “तिकडं ऊन येतंय.”

एका बाबतीत मात्र तिला उघड भूमिका घ्यावी लागली. दवाखान्यात, बँकेत, लग्नात लोक अण्णांना सोडून तिच्याशीच बोलायला लागले होते. “यांना जेवण जातं का?” अण्णा समोर बसलेले असताना. बहिरेपणाने जितकं खचवलं नसेल तितकं या तृतीयपुरुषी बोलण्याने माणूस खचतो. आधी तीही पटकन उत्तर देऊन मोकळी व्हायची, काम लवकर उरकायचं म्हणून. आता ती डॉक्टरांना शांतपणे म्हणते, “त्यांनाच विचारा. तोंडाकडे बघून बोला, मास्क तेवढा खाली घ्या.” आणि अण्णा उत्तर देईपर्यंत गप्प बसते, वेळ लागला तरी. कुणाच्या वतीने बोलणं सोपं असतं. त्याच्यासाठी जागा करून देऊन थांबायला जास्त माया लागते.

अण्णांच्या बाजूनेही बदलावं लागलं. सगळा भार ऐकू येणाऱ्यांवर टाकून चालत नाही, हेही त्या ऑडिओलॉजिस्ट मुलीने त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. “काय?” म्हणायचं नाही, काय कळलं आणि काय निसटलं ते सांगायचं. “कोल्हापूरला गेले कळलं, कोण गेलं?” त्यामुळे बोलणाऱ्याला सगळं पुन्हा सांगावं लागत नाही आणि आपलं ऐकलं जातंय हेही कळतं. नुसती मान डोलवायची नाही. हे त्यांना सगळ्यात जड गेलं. वर्षानुवर्षं मान डोलवून निभावलेल्या माणसाला “मला नाही समजलं” म्हणणं म्हणजे भर चौकात उभं राहण्यासारखं वाटतं. नातवाने ते सोपं केलं. त्याने खेळ काढला: आजोबा चुकीच्या जागी हसले की त्याला चॉकलेट. अण्णा महिन्याभरात हरायचे थांबले.

आणि रात्री आठनंतर ते मशीन काढतात. दमतात. सुरुवातीला आम्हा सगळ्यांचा आग्रह असे की घाला, आम्ही आलोय. आईनेच थांबवलं. “कान मिटायचा हक्क आहे माणसाला,” म्हणाली. तेव्हापासून महत्त्वाचं काही असेल तर आम्ही दिवसाउजेडी बोलतो.

मशीन काढल्यानंतर दोघं एकमेकांशी बोलत नाहीत असं मात्र नाही. ती कला त्यांना मागाच्या शेडीतच आलेली. शेडीत आवाजाने बोलणं शक्यच नसायचं. ओठ मोठे हलवायचे, भुवया उडवायच्या, बोटांनी आकडे दाखवायचे. माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला बोलवायचं तर एक खूण, कांडी संपली तर दुसरी, मालक आला तर तिसरी. इंग्लंडातल्या लँकेशायरच्या कापड गिरण्यांतल्या बायकाही असंच बोलायच्या, त्या बोलण्याला त्यांच्याकडे ‘मी-मॉइंग’ असं नाव होतं. गिरणी सुटल्यावर रस्त्याच्या दोन टोकांवरून त्या तशाच गप्पा मारायच्या. आमच्याकडे त्याला काही नाव नाही, पण आई-अण्णांचं लग्न ठरलं ते याच बोलीत, असं आत्या सांगते. मधली कितीतरी वर्षं दोघांनी ती बोली बाजूला ठेवली होती, घरात तिची गरज नव्हती. आता आई अंगणातून खिडकीकडे बघून ओठांनी काहीतरी म्हणते आणि अण्णा आतून हाताने उत्तर देतात. काय बोलतात ते आम्हाला कळत नाही, आणि विचारलं तर सांगत नाहीत.

सोलापूरच्या आत्याशी आता साधा फोन नाही, व्हिडिओ कॉल. आत्याला आधी फोन कानाला लावायची सवय होती, पडद्यावर नुसता तिचा कान दिसायचा; मग तिच्या नातीने फोन ठेवायला स्टँड आणलं. ओठ दिसतात, त्यामुळे भाऊ-बहीण अर्धा-अर्धा तास बोलतात. साध्या फोनवर दोन मिनिटांत “बरं, ठेवतो” व्हायचं.

मागच्या दिवाळीला आम्ही सगळे जमलो होतो. फराळाला बसलो असताना आई-अण्णांचं जुंपलं. लग्नानंतर भाड्याची खोली घेतली तेव्हा ज्याने आपली सायकल वापरायला दिली, तो मागवाला कबनूरचा की कोरोचीचा? अण्णा म्हणत कबनूर. आई म्हणे कोरोची. नातू मधे पडला, “आजी, आजोबांना नीट ऐकू आलं नसेल, क क सारखंच वाटतं.” तर दोघं एकदम त्याच्यावर उलटले. अण्णांना नीट ऐकू आलं होतं. फक्त पटलं नव्हतं. मग सायकलचा रंग निघाला, त्या माणसाच्या बायकोचं माहेर निघालं, त्या वर्षी पंचगंगेला आलेला पूर निघाला, खोलीचं भाडं किती होतं यावर नवी चकमक झाली. चहा गार झाला. शेवटी अण्णांनी त्याच्या पुतण्याचा नंबर शोधला आणि स्वतःच व्हिडिओ कॉल लावला. पुतण्या म्हणाला, काका मूळचे चंदूरचे. अण्णा आईकडे वळले, “बघ, मी म्हणत होतो की कोरोचीचा नव्हता.” आई म्हणाली, “कबनूरचा तरी कुठं होता?” आणि पुन्हा सुरू झालं.